वाक्यातून काय निष्पन्न होते? भाषा-मॉडेलचा अर्थबोध तर्काच्या आधारे कसा तपासावा

चॅटबॉट आपल्या प्रश्नाला ओघवत्या भाषेत उत्तर देतो, तेव्हा त्याला आपले म्हणणे खरोखर कळले का, असा प्रश्न पडतोच. या रूपात मात्र हा प्रश्न तपासण्याजोगा नाही, कारण ‘कळणे’ म्हणजे काय यावरच आधी वाद सुरू होतो. त्याऐवजी एक लहान आणि नेमका प्रश्न विचारता येतो: दिलेल्या वाक्यातून जे अपरिहार्यपणे निघते ते हे यंत्र मान्य करते का, आणि जे निघत नाही ते नाकारते का? पुढील मार्गदर्शन या एका प्रश्नाभोवती रचलेले आहे. त्यासाठी तर्कशास्त्राची चिन्हलिपी येण्याची गरज नाही आणि शेवटून दुसरा भाग सोडला तर प्रोग्रामिंगचीही नाही. मराठी नीट वाचता येणे आणि शंका घेण्याची चिकाटी असणे पुरेसे आहे.

तर्काचीच कसोटी का?

वाक्याचा अर्थ कळणे म्हणजे ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरेल आणि कोणत्या परिस्थितीत खोटे, हे कळणे, अशी एक भूमिका जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगेपासून चालत आलेली आहे. फ्रेगेने १८७९ मध्ये ‘प्रत्येक’ आणि ‘काही’ यांसारख्या शब्दांना हाताळू शकणारी तर्काची लिपी मांडली. आल्फ्रेड टार्स्कीने १९३० च्या दशकात आकारिक (म्हणजे काटेकोर नियमांनी बांधलेल्या, गणितासारख्या) भाषांसाठी सत्याची काटेकोर व्याख्या दिली, आणि १९७० च्या सुमारास रिचर्ड माँटेग्यूने नैसर्गिक भाषेलाही हीच पद्धत लावता येते असे दाखवून दिले. या परंपरेत एका वाक्यातून दुसरे निघते, याचा अर्थ पहिले खरे आणि दुसरे खोटे असेल अशी एकही परिस्थिती संभवत नाही.

आजची भाषा-मॉडेल्स, म्हणजे चॅटबॉटमागची यंत्रे, मात्र दुसऱ्या वंशातली आहेत. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, हे जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाचे १९५७ मधील सूत्र त्यांच्या मुळाशी आहे. २०१३ मध्ये ‘वर्ड-टू-व्हेक’ या तंत्राने ही कल्पना शब्दांना आकड्यांच्या रांगा देऊन मोठ्या प्रमाणावर वापरात आणली, आणि २०१७ मध्ये आलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेमुळे प्रत्येक शब्दाचे मूल्य आजूबाजूच्या संपूर्ण मजकुरानुसार बदलू लागले. या पद्धतीची ताकद निर्विवाद आहे. पण तिचा एक स्वाभाविक अडथळा ध्यानात ठेवावा. ‘दार उघडे आहे’ आणि ‘दार बंद आहे’ ही वाक्ये जवळजवळ सारख्याच संदर्भांत येतात, त्यामुळे सोबत्यांवरून पाहिले तर ‘उघडे’ आणि ‘बंद’ हे शब्द शेजारी ठरतात. तर्काच्या दृष्टीने मात्र ती दोन वाक्ये एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. सहवासाने जवळ आणि सत्याच्या दृष्टीने दूर असलेल्या अशा जागा शोधून तिथे प्रश्न विचारणे, हे या तपासणीचे खरे कौशल्य आहे.

आधी वाक्याचा अर्थ स्वतः ठरवावा

बहुतेक फसलेल्या चाचण्यांमध्ये दोष यंत्राचा नसतो. प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःच्या वाक्याचा एकच अर्थ गृहीत धरलेला असतो. म्हणून पहिले काम कागदावरचे आहे. पुढील वाक्य पाहावे: ‘सर्व विद्यार्थ्यांनी एक पुस्तक वाचले.’ याचे दोन अर्थ होतात. पहिला असा: प्रत्येक ‘क’ घेतला आणि तो विद्यार्थी असेल, तर असा कोणता तरी ‘ख’ आहे, जो पुस्तक आहे आणि जो ‘क’ने वाचला आहे. दुसरा असा: असा एक ‘ख’ आहे, जो पुस्तक आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने तोच ‘ख’ वाचला आहे. पहिल्यात पुस्तके वेगवेगळी असू शकतात, दुसऱ्यात नाही. ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांपैकी कोणाची व्याप्ती मोठी, एवढाच दोन्हींमध्ये फरक आहे.

दोन अर्थ कागदावर आले की त्यांना वेगळे पाडणारी परिस्थिती लिहून काढावी. इथे एक बारकावा आहे. सर्वांनी एकच पुस्तक वाचले असेल तर दोन्ही अर्थ खरे ठरतात, कारण दुसऱ्या अर्थातून पहिला निघतोच. त्यामुळे ती परिस्थिती चाचणीसाठी निरुपयोगी आहे. उपयोगाची परिस्थिती अशी: तीन विद्यार्थी, तिघांनी तीन वेगवेगळी पुस्तके वाचली, कोणतेही पुस्तक दोघांनी वाचले नाही. आता पहिला अर्थ खरा आणि दुसरा खोटा आहे. मराठीत ‘एकेक पुस्तक’ म्हटले की अर्थ वाटून दिला जातो आणि वेगवेगळी पुस्तके असल्याचाच बोध होतो, तर ‘एक पुस्तक असे आहे, जे सर्व विद्यार्थ्यांनी वाचले’ म्हटले की दुसराच अर्थ उरतो. अशी एक संदिग्ध आणि दोन असंदिग्ध वाक्ये हाती असली की चाचणी उभी राहते: असंदिग्ध वाक्यांवर यंत्राने ठाम उत्तर द्यायला हवे, आणि संदिग्ध वाक्यावर दोन्ही अर्थ दाखवायला हवेत.

नकाराची वाक्ये याहून फसवी असतात. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ याचा अर्थ ‘काही आले, काही नाही’ असा होतो, तसाच बोलण्याच्या ओघात ‘कोणीच आले नाही’ असाही होतो. दहांपैकी पाच जण आले, ही परिस्थिती दोहोंना वेगळे करते. ‘एकही विद्यार्थी आला नाही’ या वाक्यात ही अडचण नाही. नकार क्रियापदाला चिकटून शेवटी येत असल्यामुळे तो वाक्यातल्या नेमक्या कोणत्या भागाला नाकारतो, हे मराठीत अनेकदा सुरावर आणि संदर्भावर सोडलेले असते. लेखी प्रश्नात सूर नसतो, म्हणून संदर्भ लिहूनच द्यावा.

आपल्या शास्त्रपरंपरेत याच कामासाठी उत्तम अवजारे तयार आहेत. वाक्यार्थबोधासाठी नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, आकांक्षा (पदांना एकमेकांची गरज असणे), योग्यता (त्यांचे अर्थ एकमेकांशी जुळणे) आणि संनिधी (ती लागोपाठ येणे) या अटी सांगितल्या, आणि त्यांच्या जोडीला तात्पर्यज्ञानाची, म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू कळण्याची, चर्चा केली. ‘सैंधव आण’ या वाक्याचा अर्थ जेवणाच्या वेळी मीठ आणि प्रवासाला निघताना घोडा, हे तात्पर्याचे ठरलेले उदाहरण आहे. ‘विस्तवाने शिंपतो’ हे वाक्य व्याकरणात बसते, पण त्यात योग्यता नाही. चाचणीचे प्रत्येक वाक्य या अटींवर एकदा घासून पाहावे. योग्यता नसलेल्या वाक्यावर यंत्र अडखळले तर ते तर्कात अडखळले की विषयाच्या विचित्रपणामुळे, हे सांगता येत नाही.

निघणारे, गृहीत असलेले आणि सुचवलेले वेगळे करावे

वाक्यातून आपल्याला जे कळते ते सगळे एकाच जातीचे नसते, आणि ही छाननी न करता तयार केलेली उत्तरपत्रिका चुकीची असते. छाननीसाठी तीन सोप्या कसोट्या पुरतात.

पहिली विरोधाची. ‘नीताने तीन आंबे खाल्ले, पण एकही फळ खाल्ले नाही’ हे वाक्य स्वतःलाच खोडते. म्हणून ‘नीताने फळ खाल्ले’ हा मूळ वाक्याचा अपरिहार्य निष्कर्ष आहे. पहिले विधान आणि दुसऱ्याचा नकार एकत्र जोडून पाहावे आणि ती जोडणी कोणत्याही परिस्थितीत खरी ठरू शकते का, हे विचारावे.

दुसरी कसोटी पूर्वगृहीताची. ‘मीनाने नोकरी सोडली’, ‘मीनाने नोकरी सोडली नाही’ आणि ‘मीनाने नोकरी सोडली का?’ या तिन्ही वाक्यांत तिला नोकरी होती, हे धरलेलेच आहे. नकार किंवा प्रश्न करूनही जे टिकते ते पूर्वगृहीत. ‘माहीत असणे’ आणि ‘वाटणे’ यांच्यातला फरक इथे फार कामी येतो. ‘दार उघडे आहे हे सुरेशला माहीत नाही’ म्हटले तरी दार उघडेच आहे. ‘दार उघडे आहे असे सुरेशला वाटत नाही’ म्हटले तर दाराबद्दल काहीच ठरत नाही. दोन्ही वाक्यांचा बांधा जवळजवळ सारखा असल्यामुळे ही जोडी यंत्रापुढे ठेवण्यास फार चांगली आहे.

तिसरी कसोटी मागे घेता येण्याची. ‘काही विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ हे ऐकल्यावर सगळे झाले नसावेत असे आपण समजतो. पण बोलणारा ‘काही, किंबहुना सगळेच उत्तीर्ण झाले’ असे म्हणू शकतो आणि त्यात विसंगती नाही. म्हणून ‘सगळे झाले नाहीत’ हा निष्कर्ष नसून सूचना, म्हणजे फक्त सुचवलेला अर्थ, आहे. संभाषणातल्या अशा सूचना कशा निर्माण होतात, याची मांडणी पॉल ग्राइसने केली आणि ती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. व्यंजनेचा, म्हणजे शब्दांतून सुचणाऱ्या व्यंग्यार्थाचा, विचार ज्यांनी वाचला आहे त्यांना ‘सूर्य मावळला’ हे जुने उदाहरण आठवेल, ज्यातून गुराख्याला एक, प्रियकराला भेटायला निघणाऱ्या अभिसारिकेला दुसरे आणि उपासनेला बसणाऱ्याला तिसरेच कळते. व्यंग्यार्थ तर्कात बसवण्याचा हट्ट धरू नये. यंत्राला तो कळतो का, ही वेगळी चाचणी आहे आणि तिचे गुण वेगळे मांडावेत. माझ्या मते, या दोहोंची सरमिसळ हाच या क्षेत्रातील घाईने केलेल्या तपासण्यांचा सर्वांत मोठा दोष आहे.

एका शब्दाच्या फरकाने उत्तर बदलणाऱ्या जोड्या तयार कराव्यात

एकटे वाक्य फारसे काही सिद्ध करत नाही. ज्यांत अगदी थोडा बदल केल्यावर योग्य उत्तर उलटते, अशा जोड्या मात्र खूप काही सांगतात, कारण केवळ ओळखीच्या शब्दांवरून अंदाज बांधणारे यंत्र दोन्ही वाक्यांना एकच उत्तर देते.

सर्वांत समृद्ध साठा ‘प्रत्येक’, ‘काही’, ‘एकही नाही’, ‘फार तर’, ‘निदान’ या शब्दांत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने कादंबरी वाचली असेल, तर प्रत्येक विद्यार्थ्याने पुस्तक वाचले असे म्हणता येते; विशेषाकडून सामान्याकडे जाता येते. ‘एकाही विद्यार्थ्याने पुस्तक वाचले नाही’ या वाक्यात दिशा उलटते: त्यातून ‘एकाही विद्यार्थ्याने कादंबरी वाचली नाही’ निघते, पण कादंबरीवरून पुस्तकाकडे जाता येत नाही. ‘प्रत्येक’ या शब्दात तर दोन दिशा एकत्र नांदतात. प्रत्येक विद्यार्थ्याने पुस्तक वाचले असेल तर प्रत्येक नव्या विद्यार्थ्यानेही वाचले, म्हणजे कर्त्याच्या जागी सामान्याकडून विशेषाकडे जाता येते, तर कर्माच्या जागी ते चालत नाही. या चार-पाच शब्दांच्या जागा आणि दिशा आलटूनपालटून बसवल्या तरी बऱ्याच जोड्या मिळतात, आणि प्रत्येकीचे उत्तर निर्विवाद असते.

विशेषणांकडेही लक्ष द्यावे. पांढरा हत्ती हा पांढरा प्राणी असतो, पण लहान हत्ती हा लहान प्राणी नसतो. ‘लहान’चे माप हत्तींमध्ये लावलेले असते. माजी मंत्री हा आज मंत्री असेलच असे नाही, आणि नकली नोट ही नोटच नव्हे. वाक्याची रचना तीच, विशेषण बदलले की अनुमान बदलते.

मराठीची विभक्ती या कामात मोठी सोय आहे. ‘शिक्षकाने विद्यार्थ्याला पाहिले’ आणि ‘विद्यार्थ्याला शिक्षकाने पाहिले’ यांचा अर्थ एकच आहे, तर ‘विद्यार्थ्याने शिक्षकाला पाहिले’ ही घटनाच निराळी. पहिल्या जोडीत क्रम बदलला आणि अर्थ राहिला; दुसरीत प्रत्यय बदलले आणि अर्थ बदलला. शब्दांची गर्दी सारखी असली की वाक्यार्थही सारखाच, असे धरणारी मॉडेल्स प्रत्यक्षात होऊन गेली आहेत. २०१९ मध्ये टॉम मॅकॉय, एली पाव्लिक आणि टाल लिन्झेन यांनी इंग्रजीत नेमकी हीच खोड उघड केली: त्या वेळच्या नावाजलेल्या मॉडेलांनी नेहमीच्या चाचणीत उत्तम गुण मिळवले होते, पण शब्द तेच ठेवून नाते बदललेल्या वाक्यांवर ती सपशेल घसरली.

सर्वनामांच्या जोड्या करताना मात्र सावध राहावे. २०१२ मध्ये हेक्टर लेव्हेक, अर्नेस्ट डेव्हिस आणि लिओरा मॉर्गनस्टर्न यांनी टेरी विनोग्राडच्या एका जुन्या उदाहरणावरून एक चाचणी मांडली, जिच्यात सर्वनाम कोणाकडे बोट दाखवते हे जगाच्या ज्ञानावरूनच ठरते. अशी इंग्रजी वाक्ये मराठीत तशीच आणली तर चाचणी फुकट जाऊ शकते, कारण इथे लिंगच उत्तर सांगून टाकते. ‘चषक पेटीत मावला नाही, कारण तो फार मोठा होता’ या वाक्यात ‘तो’ म्हणजे पेटी असू शकत नाही. दोन्ही नामे एकाच लिंगाची आणि वचनाची घ्यावीत: ‘मूर्ती पेटीत मावली नाही, कारण ती फार मोठी होती’ आणि ‘मूर्ती पेटीत मावली नाही, कारण ती फार लहान होती’. आता पहिल्यात ‘ती’ मूर्ती, दुसऱ्यात पेटी, आणि व्याकरण कोणालाही मदत करत नाही.

चोरवाटा बंद कराव्यात

यंत्राने बरोबर उत्तर दिले म्हणजे ते बरोबर कारणाने दिले, असे नाही. २०१५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये सुमारे ५,७०,००० वाक्यजोड्यांचा एक संच तयार झाला, ज्यात एका वाक्यातून दुसरे निघते, त्याच्या विरुद्ध जाते की दोन्ही नाही, हे ठरवायचे होते. २०१८ मध्ये संशोधकांना आढळले की पहिले वाक्य अजिबात न दाखवता, केवळ दुसऱ्या वाक्यावरून सुमारे ६७ टक्के उत्तरे बरोबर ओळखता येतात. नुसत्या अंदाजाने ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असायला हवी होती. वाक्ये लिहिणाऱ्या माणसांनी विरोध दाखवायचा म्हटला की नकाराचे शब्द वापरले होते, आणि यंत्राने तेवढेच उचलले.

म्हणून आपला संच पूर्ण झाल्यावर पहिली वाक्ये झाकून केवळ निष्कर्ष यंत्राला द्यावेत आणि उत्तरे मागावीत. तरीही गुण चांगले आले तर संचातच गळती आहे. नकार असलेले निष्कर्ष आणि ‘निघत नाही’ हे उत्तर यांची जोडी जमू देऊ नये. नकार असलेली निम्मी वाक्ये तरी खरोखर निघणारी असावीत.

दुसरी चोरवाट जगाच्या माहितीची आहे. ‘सर्व फुले कोमेजतात, गुलाब कोमेजतात, म्हणून गुलाब ही फुले आहेत’ हा युक्तिवाद सदोष आहे, पण निष्कर्ष खरा असल्यामुळे तो पटतो. ‘सर्व सस्तन प्राणी जमिनीवर राहतात, देवमासा सस्तन प्राणी आहे, म्हणून देवमासा जमिनीवर राहतो’ यात निष्कर्ष खोटा, पण युक्तिवादाचा आकार निर्दोष आहे, दोष पहिल्या आधारविधानात आहे. माणसेही इथे फसतात, हे मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच दाखवले, आणि भाषा-मॉडेलांमध्येही तसाच कल आढळला आहे. दोन्ही प्रकारची उदाहरणे संचात असावीत. त्यांच्या जोडीला निरर्थक शब्दांची आवृत्ती ठेवावी: ‘सर्व टिमाड बुलोर असतात. एकही बुलोर निळा नसतो. म्हणून एकही टिमाड निळा नसतो.’ हे वैध आहे. आता दुसरे वाक्य ‘एकही टिमाड निळा नसतो’ आणि निष्कर्ष ‘एकही बुलोर निळा नसतो’ असा करावा. ते अवैध आहे. टिमाडांविषयी कोणालाच काही माहीत नसल्यामुळे इथे केवळ आकारच मदतीला येतो.

प्रश्न कसे विचारावेत

प्रत्येक प्रश्न नव्या संभाषणात विचारावा, कारण आधीच्या उत्तराचा पुढच्यावर परिणाम होतो. उत्तरासाठी तीनच पर्याय द्यावेत: निश्चित निघते, निश्चित खोटे ठरते, दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. तिसरा पर्याय नसेल तर चाचणीला अर्थ नाही. बहुतेक यंत्रे नेमकी तिथेच घाई करतात. ‘निघते’ म्हणजे आधारवाक्य खरे असताना निष्कर्ष खोटा असणे अशक्य, हे सुरुवातीलाच लिहावे, अन्यथा यंत्र ‘बहुधा’ या अर्थाने उत्तर देते आणि तेही त्याच्या परीने रास्त असते. पर्यायांचा क्रम बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारावा, आणि उत्तरे काही अंशी यादृच्छिकपणे निवडली जात असल्याने प्रत्येक प्रश्न अनेकदा विचारून उत्तरांची स्थिरता नोंदवावी.

त्यानंतर एक गोष्ट आवर्जून करावी. बरोबर उत्तर आल्यावर, कोणताही नवा मुद्दा न देता, ‘खात्री आहे का? मला ते चूक वाटते’ एवढेच म्हणावे. वैध अनुमान समोरच्याच्या नाराजीने अवैध होत नाही. यंत्राने लगेच माफी मागून उत्तर फिरवले, तर पहिले उत्तर कशाच्या आधारावर उभे होते, याविषयी ते बरेच सांगून जाते.

कारणे विचारावीत, पण ती जपून वाचावीत. यंत्राने लिहिलेले स्पष्टीकरण हा त्याच्या आतल्या प्रक्रियेचा अहवाल असेलच असे नाही. तोही निर्माण केलेला मजकूरच असतो. पायऱ्या लिहून मग उत्तर दे, असे सांगितल्यावर कामगिरी अनेकदा सुधारते, म्हणून थेट उत्तराचे आणि पायऱ्यांसह उत्तराचे गुण वेगळे ठेवावेत.

जिथे निगमनाची पट्टी चालत नाही

‘पक्षी उडतात. चिकी हा पक्षी आहे. चिकी उडतो का?’ रोजच्या भाषेत उत्तर ‘हो’ असेच आहे. ‘चिकी पेंग्विन आहे’ हे कळल्यावर ते मागे घ्यावे लागते. शुद्ध निगमनात, म्हणजे आधारवाक्यांतून अपरिहार्यपणे निघते तेवढेच मानणाऱ्या तर्कात, नव्या माहितीने जुना निष्कर्ष कधीच रद्द होत नाही, त्यामुळे असे विचार त्यात मावत नाहीत. १९८० मध्ये जॉन मॅकार्थी आणि रेमंड राइटर यांनी यासाठी स्वतंत्र तर्कपद्धती मांडल्या. आपण वापरलेले वाक्य ‘पक्षी उडतात’ असे आहे की ‘प्रत्येक पक्षी अपवादाविना उडतो’ असे, हे तपासावे. पहिले असेल तर यंत्राच्या ‘हो’ला चूक म्हणू नये.

‘जर-तर’च्या वाक्यांनाही हेच लागू पडते. ‘पाऊस पडला तर अंगण ओले होते, अंगण ओले आहे’ यावरून पाऊस पडला असे तर्काने निघत नाही. परंतु ‘अभ्यास केलास तरच सहल’ आणि ‘अभ्यास केलास तर सहल’ यांच्यातला ‘च’ बोलताना आपण सर्रास गाळतो आणि ऐकणारा तो भरून घेतो. यंत्रानेही तसेच भरून घेतले असेल तर तो तर्कदोष की भाषेची जाण, हे त्या एका वाक्यावरून सांगता येत नाही. ‘तर’ आणि ‘तरच’ या दोन्ही आवृत्त्या ठेवाव्यात. दोन्हींना सारखेच उत्तर आले तर दोष निश्चित.

यंत्राकडून मांडणी, तर्कयंत्राकडून तपास

थोडे प्रोग्रामिंग येत असेल तर एक पाऊल पुढे जाता येते. भाषा-मॉडेलला थेट निष्कर्ष न विचारता वाक्यांची तर्काच्या भाषेत मांडणी करायला सांगावी, आणि ती मांडणी १९७२ च्या सुमारास मार्सेयमध्ये जन्मलेल्या ‘प्रोलॉग’ या तर्काधारित प्रोग्रामिंग भाषेकडे किंवा सूत्रांवरून निष्कर्ष आपोआप पडताळणाऱ्या ‘झेड-थ्री’सारख्या सिद्धतायंत्राकडे द्यावी. अशी कामाची विभागणी केली की अनुमानाच्या पायऱ्यांत चूक होत नाही. चूक सरकते ती भाषांतरात. सिद्धतायंत्र फक्त दिलेल्या सूत्रांविषयी बोलते. सूत्राने ‘सगळे आले नाहीत’चा चुकीचा अर्थ पकडला असेल तर पुढची निर्दोष सिद्धता निरुपयोगी आहे. म्हणून प्रत्येक सूत्र नव्या संभाषणात पुन्हा मराठीत उतरवून घ्यावे आणि मूळ वाक्याशी ताडून पाहावे.

प्रोलॉग वापरताना एक सापळा हमखास लागतो. जे सिद्ध करता येत नाही ते तो खोटे मानतो. रेल्वेच्या वेळापत्रकासाठी हे ठीक आहे, कारण तिथे न लिहिलेली गाडी नसतेच. मजकुराच्या बाबतीत मात्र न सांगितलेली गोष्ट खोटी नसते, ती अनिश्चित असते, आणि आपला ‘ठरवता येत नाही’ हा तिसरा पर्याय इथे गुपचूप नाहीसा होतो. अशा वेळी निष्कर्ष आणि त्याचा नकार हे दोन्ही, उघड नकार हाताळणाऱ्या सिद्धतायंत्राला स्वतंत्रपणे सिद्ध करायला सांगावेत. दोन्ही सिद्ध झाले नाहीत तर उत्तर अनिश्चित.

निकालाविषयी काय म्हणता येते

गुण मांडताना एकच टक्केवारी देऊ नये. व्याप्ती, नकार, पूर्वगृहीत, विशेषण, विभक्ती, सर्वनाम, जर-तर, असे रकाने करावेत आणि जोडीतली दोन्ही वाक्ये बरोबर आली तरच त्या जोडीला गुण द्यावा. एखादे यंत्र विभक्तीत अचूक आणि व्याप्तीत कच्चे आहे, ही माहिती सरासरीत बुडून जाते.

यंत्र सर्व रकान्यांत उत्तम ठरले तरी त्याला अर्थ ‘कळतो’ असे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. जॉन सर्लने १९८० मध्ये केवळ नियमांनुसार चिन्हे हलवणाऱ्या माणसाची कल्पना मांडून, योग्य उत्तर आणि आकलन यांच्यात अंतर असू शकते असा युक्तिवाद केला. २०२० मध्ये एमिली बेंडर आणि अलेक्झांडर कोलर यांनी निव्वळ मजकुराच्या रूपावरून अर्थ शिकता येणार नाही अशी भूमिका घेतली. या युक्तिवादांवर मतभेद आहेत आणि आपली चाचणी ते मिटवत नाही. उलट दिशेने मात्र ती बरीच निर्णायक आहे: ‘माहीत नाही’ आणि ‘वाटत नाही’ यांतला फरक जे यंत्र वारंवार चुकवते, त्याला त्या शब्दांचा अर्थ येतो असे म्हणण्यास आधार उरत नाही.

तयार केलेला संच उघड संकेतस्थळावर ठेवू नये. लेव्हेक आणि सहकाऱ्यांच्या चाचणीवर २०१९ पर्यंत ९० टक्क्यांच्या आसपास गुण मिळू लागले होते, आणि त्यांतला किती भाग आकलनाचा, किती वाक्यांतल्या नकळत राहिलेल्या खुणांचा, हे वेगळे करणे अवघड झाले. उघड्यावर आलेली वाक्ये पुढील मॉडेलांच्या प्रशिक्षणात जाऊ शकतात, आणि मग तपासले जाते ते फक्त स्मरण. जोड्यांचे साचे जपून ठेवावेत, नामे आणि क्रियापदे प्रत्येक वेळी बदलावीत, आणि मॉडेलची आवृत्ती व तारीख प्रत्येक निकालाशेजारी लिहावी, कारण तेच नाव असलेले यंत्र काही महिन्यांनी तेच राहिलेले नसते.